शेर नदीचे दोन काठ

फ्रेंचमध्ये ‘शातो’ हा शब्द किल्ल्यालाही चालतो आणि राजवाड्यालाही. मराठी माणसाची पहिली पंचाईत इथेच होते. राजगड-तोरणा पायांखालून घातलेल्या माणसाचे डोळे कुठेही गेले तरी तट, बुरूज, चोरदरवाजा आणि पाण्याची टाकी शोधत असतात. लुआर नदीच्या खोऱ्यातल्या शातोंना बुरूज आहेत, कुठे कुठे खंदकही आहे, पण भिंतीत माणूस उभा राहील एवढाल्या खिडक्या! तोफेच्या पहिल्याच गोळ्याला सगळं खाली येईल. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये हे बुरूज लढाईसाठी नव्हतेच, दिसण्यासाठी होते. लढायचं असेल तर राजा इटलीत जायचा. घरी तो शिकार करायचा.

गेल्या सप्टेंबरात कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे पॅरिसला होतो. काम संपल्यावर पाच दिवस सुट्टी टाकली, ट्रेनने ब्लुआ गाठलं आणि तिथे सायकल भाड्याने घेतली. मागच्या कॅरियरला दोन पिशव्या, हँडलला फोन. लुआरच्या काठाने जवळपास ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. मी त्याचा अगदी छोटा तुकडा केला आणि मग दक्षिणेला वळून शेर नदीकडे गेलो. (हो, नदीचं नाव शेरच. आपल्या सिंहाशी काही संबंध नाही.) रस्ता सपाट, ट्रॅफिक नाही, मध्ये मध्ये मक्याची शेतं. सिंहगडाच्या घाटात सायकल दामटलेल्या माणसाला हे फसवणुकीइतकं सोपं वाटतं.

ब्लुआहून पंधरा-सोळा किलोमीटरवर शांबोरची भिंत लागते. राजवाडा दिसायच्या कितीतरी आधी भिंत. ही ३२ किलोमीटर लांब आहे आणि आत ५,४४० हेक्टर जमीन आहे, म्हणजे साधारण पॅरिस शहराएवढी. भिंतीच्या आत प्रामुख्याने जंगल. सप्टेंबरअखेर हरणांचा माजाचा काळ असतो. संध्याकाळी झाडीतून नराचं ओरडणं ऐकू येतं. ते डरकाळी आणि ढेकर यांच्या मधलं काहीतरी असतं.

पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९मध्ये इथे बांधकाम सुरू केलं. चारशेहून जास्त खोल्या, २८२ धुराडी आणि मधोमध तो प्रसिद्ध जिना: एकमेकांभोवती गुंफलेले दोन सर्पिल जिने. एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून दिसतात, पण वाटेत भेटत नाहीत. दोन प्रोसेस एकमेकांना लॉक न करता चालाव्यात तसं. ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या कोड रिव्ह्यूला बसायला मला आवडलं असतं. कल्पना लिओनार्दो दा विंचीची असं म्हणतात, पण पुरावा नाही. लिओनार्दो राहायचा जवळच, आंबुआझला, आणि बांधकाम सुरू व्हायच्या काही महिने आधी, २ मे १५१९ला, तिथेच वारला.

आता ह्या सगळ्या थाटात राजा राहिला किती? बत्तीस वर्षांच्या राज्यात सगळे मिळून ७२ दिवस. बाकी वेळ वाडा रिकामा. राजा यायचा तेव्हा पलंग, गालिचे, भांडीकुंडी सगळं गाड्यांवर लादून सोबत आणायचा आणि जाताना घेऊन जायचा. शिकार नसती तर शांबोर नसतंच. जंगल हा मुख्य प्रोजेक्ट, राजवाडा त्याचा फ्रंटएंड.

भिंतीला म्हणूनच अर्थ आहे. राजाचं जनावर बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा माणूस आत येऊ नये. फ्रान्स्वाच्या १५१६च्या फर्मानात शाही जंगलात चोरून शिकार करणाऱ्याला दंड, फटके आणि वारंवार सापडला तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. शेतकऱ्याच्या शेतात हरीण घुसलं तरी ते मारायचा त्याला हक्क नव्हता, कारण शिकार हा सरदारांचा विशेषाधिकार. १७८९मध्ये गावोगावच्या लोकांनी राजाकडे तक्रारींच्या वह्या पाठवल्या, त्यांत हे गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा येतं: आमचं पीक तुमची जनावरं खातात. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, त्यात शिकारीचा मक्ताही गेला. क्रांतीचा इतिहास आपण शाळेत बास्तीयच्या तुरुंगापासून शिकतो. शेतकऱ्याच्या बाजूने शिकवायचा तर हरणापासून सुरू करावा लागेल.

शांबोर पुढे कोणाकोणाच्या हातात गेलं ते सांगत बसत नाही. शेवटी १९३०मध्ये सरकारने ते विकत घेतलं. त्यानंतरही प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष तिथे पाहुण्यांसाठी शिकारी भरवत राहिले. अध्यक्ष शिराक यांनी १९९५मध्ये ती प्रथा अधिकृतपणे बंद केली. राजा गेला तरी सवय दोनशे वर्षं टिकली.

सायकल ह्या गोष्टीत येते ती १९३६ साली. त्याआधी फ्रान्समध्ये सायकल म्हणजे आधी श्रीमंतांची हौस आणि मग कामगाराची गरज. १८९३पासून सायकलीवर वार्षिक कर होता आणि भरल्याचा धातूचा बिल्ला गाडीला लावावा लागे. हे वाचल्यावर मला आजोबा आठवले. पुण्यातही नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला असायचा आणि तो नसला की पोलीस कसा अडवायचा हे ते रंगवून सांगायचे. फ्रान्समधला कर १९५८पर्यंत चालला.

तर १९३६च्या मे-जूनमध्ये फ्रान्सभर संप झाले. कामगार कारखान्यांतच ठाण मांडून बसले. लेऑं ब्लुम यांचं पॉप्युलर फ्रंटचं सरकार नुकतंच आलं होतं. त्याने जूनमध्ये आठवड्याला चाळीस तासांचं काम आणि वर्षाला दोन आठवडे पगारी सुट्टी असे कायदे केले. पगारी सुट्टी! पगार चालू आहे आणि आपण कारखान्यात नाही, हे त्या पिढीतल्या बहुतेक कामगारांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने कामगारांसाठी सवलतीचं रेल्वे तिकीट काढलं. ज्यांना तेही नको होतं ते सायकलीवर निघाले, जोडपी टँडमवर, मागे तंबू बांधून. त्या उन्हाळ्याचे फोटो बघा. कोणी कॅमेऱ्याकडे ऐटीत बघत नाही, सगळे नुसते हसतायत. मी एचआर पोर्टलवर पाच दिवसांची रजा क्लिक करतो, त्या बटणामागे कोणीतरी यंत्र बंद करून बसलेलं आहे, हे शांबोरच्या हिरवळीवर सँडविच खाताना माझ्या डोक्यातून जाईना.

सुख चार उन्हाळे टिकलं. ऑगस्ट १९३९च्या शेवटी, युद्ध जाहीर व्हायच्या आतच, लूव्र संग्रहालय रिकामं करायला सुरुवात झाली. झाक झोझार या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चित्रं पेट्यांत भरून ट्रकांनी बाहेर काढली गेली आणि त्यांचा पहिला मोठा थांबा होता शांबोर. जाड भिंती, शहरापासून लांब, भोवती जंगल. मोना लिसाही आली आणि मग पुढे दुसऱ्या ठिकाणांकडे गेली. लिओनार्दोने १५१६च्या सुमारास फ्रान्सला येताना हे चित्र सोबत आणलं होतं असं मानतात. म्हणजे चारशे वर्षांनी ती बाई पुन्हा आंबुआझपासून सायकलीने दिवसभरात गाठता येईल इतक्या अंतरावर आली, ह्या वेळी पेटीत बंद होऊन.

जून १९४०मध्ये जर्मन फौजा पॅरिसकडे सरकल्या आणि उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेला पळाले. मोटारी, घोडागाड्या, ढकलगाड्या, सायकली. चार वर्षांपूर्वी तंबू बांधलेल्या कॅरियरला आता गादी आणि पातेली. सगळ्यांना लुआर ओलांडायची होती. ब्लुआच्या अठराव्या शतकातल्या पुलाची कमान फ्रेंच सैन्याने माघार घेताना उडवली. आज त्या पुलावरून सायकल नेताना काही कळतही नाही.

२२ जूनच्या तहाने देशाचे दोन तुकडे झाले. सीमारेषा सुमारे १,२०० किलोमीटर लांब होती आणि इथल्या भागात ती शेर नदीवरून जात होती. उत्तर काठ जर्मनांच्या ताब्यात, दक्षिण काठ ‘मुक्त’. पूल ओलांडायला जर्मन परवाना लागे. पत्रं बंद. सप्टेंबरपासून फक्त एक छापील कार्ड पाठवता येई. त्यावर तेरा ओळी आधीच छापलेल्या: तब्येत ठीक, थकलेला, आजारी, जखमी, कैदेत, मेला. लागू नाही ते खोडायचं. आईला कळवायचं तर एवढंच. आपण वैतागतो ते रेडीमेड रिप्लाय बरे, निदान त्यांत ‘मेला’ हा पर्याय नसतो.

शनोंसोचा शातो बरोबर ह्या नदीवर आहे. वर म्हणजे अक्षरशः वर: मूळ वाडा उत्तर काठाला लागून आणि तिथून साठ मीटर लांब दालन कमानींवर उभं राहून पाण्यावरून दक्षिण काठाकडे जातं. पूल बांधला दिआन द प्वातिएने, त्यावर दालन चढवलं कॅथरीन द मेदिसीने. पहिली राजाची प्रेयसी, दुसरी त्याची राणी. त्यांच्या भांडणावर गाइड अर्धा तास घालवतात, मी घालवणार नाही. पहिल्या महायुद्धात मालक गास्तों मेनिए (चॉकलेटवाले) यांनी स्वखर्चाने इथे इस्पितळ उघडलं आणि १९१८च्या अखेरपर्यंत त्यात २,२५४ जखमींवर उपचार झाले. काळ्या-पांढऱ्या फरशीच्या नाचाच्या दालनात खाटांच्या दोन रांगा. त्यांची सून सिमोन मेनिए तिथली मुख्य परिचारिका होती.

दुसऱ्या युद्धात त्याच दालनाचं पुढचं दार जर्मन मुलखात होतं आणि मागचं दार पलीकडे. सिमोन प्रतिकार चळवळीत काम करत होती आणि ह्या दालनातून कितीतरी लोक पार गेले. नाचायला बांधलेल्या त्या जागेला शेवटी चोरदरवाजाचं काम मिळालं. जर्मनांनी एक तोफखाना शातो उडवायच्या तयारीत ठेवला होता.

पलीकडे ‘मुक्त’ होतं म्हणजे काय होतं, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर १९४०मध्ये विशी सरकारने स्वतः होऊन ज्यूंविरुद्धचा कायदा केला, तो दोन्ही काठांना लागू होता. १९४२च्या जुलैत पॅरिसमध्ये दोन दिवसांत १३,१५२ ज्यूंना पकडण्यात आलं आणि पकडणारे पोलीस फ्रेंच होते. त्यातून निसटलेले अनेक जण ह्या नद्यांकडे आले. पुढच्याच महिन्यात विशीच्या पोलिसांनी दक्षिणेतले हजारो परदेशी ज्यू धरून जर्मनांच्या हवाली केले. नदी ओलांडणाऱ्या काहींना माहीत नसणार की पलीकडच्या काठावर याद्या तयार आहेत. नोव्हेंबर १९४२मध्ये जर्मन सैन्य दक्षिणेतही घुसलं आणि १ मार्च १९४३ला परवान्यांची ती रेषा उठवण्यात आली. आता दोन्ही काठ सारखेच होते.

शनोंसोला मी दक्षिण काठाने गेलो. तिकिटाचं दार उत्तरेला, पण ह्या बाजूच्या पायवाटेवरून दालन पूर्ण दिसतं. संध्याकाळी एक म्हातारं जोडपं जाळी लावलेल्या टोपलीत कुत्रा बसवून सायकलीवर गेलं. मला ‘बॉंजूर’ म्हणून गेलं. नदी पन्नास-साठ मीटर रुंद, पाणी संथ, खाली वाळू दिसते. पोहता येणारा माणूस दोन-तीन मिनिटांत पलीकडे जाईल. रात्री, कपडे घालून, लेकरू पाठीवर घेऊन किती वेळ लागेल, ह्याचा हिशेब मी करत बसलो होतो. कमानींखालून एक नाव गेली आणि मग अंधार पडायच्या आत आंबुआझ गाठायचं होतं म्हणून दिवा लावून निघालो.