एका अक्षराने राजा ठरतो: तऱ्हाळ्याची सातवाहन नाणी

१/ चीनच्या जुन्या नाण्यावर चौकोनी छिद्राभोवती बहुधा चार अक्षरे असतात. त्यांतील दोन कालखंडाचे नाव सांगतात. सातवाहनांच्या लहानशा पोटिन नाण्यांवर मात्र राजाचे नाव क्वचितच पूर्ण उमटते.

२/ १९३९ मध्ये विदर्भातील तऱ्हाळा (आज वाशिम जिल्हा) येथे अशा १५०० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व ब्राह्मी लेख, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह.

३/ लेखातील ‘सातकणिस’ म्हणजे ‘सातकर्णीचे’. पण सातकर्णी अनेक होते. नाणे कोणाचे, हे त्याआधीची अक्षरे ठरवतात, आणि नेमकी तीच बऱ्याचदा चकतीबाहेर राहतात. एका नाण्यावरचा आरंभ दुसऱ्यावरच्या शेवटाशी जुळवूनच लेख पुरा होतो.

४/ वा. वि. मिराशी यांनी या साठ्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यातून कुंभ सातकर्णी व कर्ण सातकर्णी पुढे आले. पुराणांच्या वंशावळीत ही नावे नाहीत.

५/ हा साठा वाटला गेला असता, तर सुटे नाणे केवळ ‘सातकर्णीचे’ राहिले असते आणि हे राजे इतिहासाला अपरिचितच राहिले असते.