पाण्यात उतरण्याआधी

जपानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत हल्ली फुजी आणि बुलेट ट्रेनच्या जोडीला ओन्सेन असतंच. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा आणि त्यावर बांधलेलं स्नानगृह. दाराशीच कुटुंबाची वाटणी होते: पुरुष एका पडद्याआड, बायका दुसऱ्या. आत गेल्यावर सगळे कपडे काढायचे. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. मग बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग खसखसून धुवायचं, फेसाचा ठिपका उरता कामा नये. त्यानंतरच कुंडात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, लांब केस बांधायचे, पोहायचं नाही, पाणी उडवायचं नाही.

आपल्या लोकांना संकोच वाटतो तो कपड्यांचा. पण बुचकळ्यात पाडते ती दुसरीच गोष्ट: आंघोळीआधी आंघोळ कशाला? उत्तर साधं आहे. कुंडातलं पाणी सगळ्यांचं आहे, त्यामुळे मळ बाहेरच ठेवायचा. स्टूल आणि बादलीच्या जागी पाट आणि तांब्या ठेवला, तर हे आपलं जुनं नहाणीघरच आहे. फक्त ते कुंडाच्या दाराशी आणून ठेवलेलं आहे.

सामाईक पाणी आलं की नियम आला. त्या नियमातून समाजाला कशाची घाण वाटते ते कळतं. सातारा-सांगलीकडून ही गोष्ट बघायला लागलं, तर ती महाडमार्गे थेट राज्यघटनेपर्यंत जाते.

घाटमाथ्यावर आपल्याकडे नावाजलेले गरम झरे नाहीत. ते घाट उतरल्यावर भेटतात. सांगलीकरांनी आंबा घाट उतरून संगमेश्वर गाठलं, की तुरळ आणि राजवाडी जवळ येतात. सातारकरांनी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावं, पुढे महाडजवळ सावित्रीच्या काठी सवचे झरे आहेत. दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, राजापूरजवळ उन्हाळे. नावं ऐकूनच कळतं. ‘ऊन पाणी’ म्हणजे गरम पाणी, आणि त्या ‘ऊन’वरून गावं ओळखली गेली. पालघरपासून राजापूरपर्यंतच्या पट्ट्यात असे झरे सुमारे 18 ठिकाणी आहेत. इथे जपानसारखे जिवंत ज्वालामुखी नाहीत. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. उन्हवऱ्याला ते 70 अंशांच्या आसपास असतं.

जपानने 1948 साली ओन्सेनसाठी कायदाच केला. पाणी उगमाशी 25 अंश किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या खनिजांपैकी एखादं त्यात पुरेसं हवं. आपण झऱ्याशेजारी देऊळ बांधलं आणि पाण्याला तीर्थ म्हटलं.

मराठीत घरी होते ती आंघोळ आणि नदीवर होतं ते स्नान. आंघोळीने मळ जातो, स्नानाने पाप. वाईचे घाट, संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात ती जागा, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा भेटतात ती जागा, इथे पिढ्यानपिढ्या लोक अंग चोळत पाण्यात उतरले. नदी वाहती असते, मळ पुढे जातो. साठलेल्या कुंडात तो तिथेच फिरत राहतो, हा व्यावहारिक फरक आपल्या नियमांत फारसा उतरलाच नाही. कारण पाण्यावर आपला मुख्य नियम वेगळाच होता: पाण्याला हात कोण लावतोय?

साताऱ्यातला एक मुलगा हा नियम फार लवकर शिकला. रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्याला स्थायिक झाले होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांच्या भीमरावाचं नाव तिथल्या सरकारी शाळेत घातलं गेलं. पुढे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये तेव्हाच्या आठवणी लिहिल्या. शाळेत तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. साताऱ्यात धोबी होते, पण त्यांचे कपडे कोणी धुवत नसे. पैसे द्यायची ऐपत असूनही कपडे बहिणी धूत. न्हावी होते, पण केस कापायचं कामही थोरल्या बहिणीकडेच. 1901 च्या उन्हाळ्यात वडिलांना भेटायला ही मुलं मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने निघाली. सोबत डबा भरपूर होता, पण वाटेत पाणी मिळेना, म्हणून भुकेल्या पोटीच रात्र काढावी लागली.

धोबी नाही, न्हावी नाही, नळ नाही. स्वच्छ होण्याची एकेक सोय काढून घ्यायची आणि मग त्याच माणसाला अस्वच्छ म्हणायचं, असा हा नियम होता. ओन्सेनच्या नियमात तुम्ही धुतलंत की प्रश्न मिटतो. इथे कितीही धुतलं तरी तो मिटत नव्हता.

कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्यांचा उगम महाबळेश्वरचा मानतात. कृष्णा पूर्वेला वळून वाई, कऱ्हाड, सांगलीकडे जाते. सावित्री कडा उतरून महाडकडे. सवचे झरे ज्या महाडजवळ आहेत, तेच हे चवदार तळ्याचं महाड. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळं खुलं केलं, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. ज्या शेण-गोमूत्राने तळं खरोखर घाण झालं असतं, तेच शुद्धीसाठी वापरलं! खटला दहा वर्षं चालला. तळं फक्त स्पृश्यांचंच ही पुरातन रूढी असल्याचा दावा सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला.

राज्यघटनेचं कलम 15(2) उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही, अशा जागांची तिथे यादी आहे. विहिरी आहेत, तलाव आहेत आणि त्यांच्या शेजारी स्नानघाटही आहेत. आंघोळीच्या जागेचा उल्लेख देशाच्या घटनेत का करावा लागला, याचं उत्तर सातारा आणि महाडमध्ये आहे. कायदा होऊनही गावोगावचे पाणवठे वेगळेच राहिले. म्हणून 1970 च्या दशकात बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर फिरावं लागलं.

आपण असे आणि जपान मात्र निर्मळ, असंही नाही. तिथे एक आख्यायिका सांगतात: आठव्या शतकातल्या सम्राज्ञी कोम्योने एक हजार लोकांना स्वतःच्या हाताने आंघोळ घालायचं व्रत घेतलं. शेवटचा आला तो कुष्ठरोगी. तिने त्यालाही धुतलं आणि तो बुद्ध निघाला. याच देशात ओतारू शहरातल्या एका स्नानगृहाने ‘फक्त जपानी लोकांसाठी’ अशी पाटी लावली होती. परदेशी दिसतो म्हणून जपानी नागरिकत्व घेतलेल्या माणसालाही तिथे दारातून परत पाठवलं. 2002 मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने त्या स्नानगृहाला भरपाई द्यायला लावली. टॅटू असलेल्यांना आजही अनेक ठिकाणी प्रवेश नाही.

तिथले नियमही सनातन नाहीत. एडो काळात स्त्री-पुरुष एकाच हौदात बसत. अमेरिकेच्या पेरीची जहाजं आली, त्याच्या मोहिमेच्या वृत्तांतात शिमोदाच्या अशा स्नानगृहाचं चित्र छापलं गेलं, आणि पाश्चात्त्य आपल्याला रानटी म्हणतील या धास्तीने मेजी सरकारने एकत्र आंघोळीवर बंदी आणली. आई किंवा वडिलांबरोबर दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या मुलांची मार्गदर्शक वयोमर्यादाही 2020 मध्ये खाली आणून सात वर्षं केली. थोडक्यात, नियम माणसंच करतात आणि बदलतातही.

मग जपानकडून घ्यायचं काय? तिथे आधी अंग धुवा म्हणतात, पण स्टूल, बादली, साबण आणि नळही आतच ठेवतात. सोय नसलेला नियम शेवटी गरिबालाच बाहेर ठेवतो. न्हाव्या-धोब्याविना वाढलेल्या साताऱ्यातल्या मुलाला ते ठाऊक होतं. आपल्या झऱ्यांवर ‘साबण लावू नये’ एवढी पाटी पुरत नाही. कुंडाबाहेर चार नळ हवेत, बायकांना कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली हवी. ते झालं, की पाटीवर ‘आधी अंग धुऊन या’ असं खुशाल लिहावं. घटनेने सगळ्यांसाठी दार उघडलंय; नळ बसवायचं काम ग्रामपंचायतीलाही जमेल.