नोंदणी-विवाहाची किंमत
शनिशिंगणापुराहून एखादें जोडपें आज नोंदणी-विवाहासाठीं अहिल्यानगरास गेलें, तर तीस दिवसांची नोटीस व तीन साक्षीदार ही मुख्य तयारी. १८७२ च्या कायद्यांत नोटीस चौदाच दिवसांची होती; परंतु आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादि कोणत्याहि धर्माचे अनुयायी नसल्याचें वधूवरांस लिहून द्यावें लागे. श्रद्धावंतांस लग्नाच्या दिवशींच असत्य वदविणारा हा कायदा सुधारणेचा म्हणविला जाई, हें नवल! पुण्यास १८७३ त जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानें लग्नांतून पुरोहित वगळला, ईश्वर नव्हे.

हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें १९२३ त हिंदु, बौद्ध, शीख व जैन या अटींतून सुटले. १९५४ त सर्वच. मात्र १९२३ पासून असा विवाह करणारा एकत्र कुटुंबांतून विभक्त झाला, असें कायदा मानूं लागला. १९७६ त या चार धर्मीयांच्या आपसांतील विवाहांपुरती ती किंमत माफ झाली. त्यांबाहेर लग्न करणाऱ्या हिंदूस ती आजहि द्यावी लागते.