उरलेल्या पट्टीवरची धडक

२२ सप्टेंबर २००८ ची संध्याकाळ. जपानमधल्या कोबे शहरात अकरा वर्षांचा एक मुलगा उताराच्या रस्त्याने सायकलवरून घरी निघाला होता. समोरून चालत येणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाईंवर तो जाऊन आदळला. त्या जोरात पडल्या, डोक्याला मार बसला आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. जुलै २०१३ मध्ये कोबे जिल्हा न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितली. तेव्हाच्या दराने ही रक्कम साडेपाच कोटी रुपयांच्या वर जाते.

या निकालाने सारा जपान हादरला, कारण अशी सायकल तिथे घरोघरी आहे. पण सायकलस्वार आणि पादचारी एकमेकांच्या वाटेत आले कसे, हे शोधायचे तर जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागते.

कार्ल फॉन ड्राइस या जर्मन संशोधकाने १२ जून १८१७ रोजी मानहाइममधून आपली दुचाकी बाहेर काढली. तिला पायडल नव्हते, पायांनी जमीन रेटतच पुढे जायचे. तेव्हाचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणलेले होते आणि दोनच चाकांवर तोल सांभाळणाऱ्याची त्यातून धडगत नव्हती. सपाट जागा एकच होती, चालणाऱ्यांची. दुचाकीवाले तिथे चढले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मानहाइममध्ये पदपथावर ही गाडी चालवायला बंदी झाली. यंत्र वर्षाचेही झाले नव्हते. रस्ता दुरुस्त करण्याचा खर्च मोठा, बंदी घालायला मात्र काहीच लागत नाही. पुढच्या सगळ्या इतिहासात हा हिशेब पुन्हा पुन्हा दिसतो.

इंग्लंडमध्ये कायदा आधी आला आणि पायडलची सायकल मागून. १८३५ च्या हायवे ॲक्टने पदपथावर घोडे आणि गाड्या नेण्याला मनाई केली होती. १८७९ साली एका खटल्यात न्यायालयाने सायकललाही ‘गाडी’ ठरवले आणि १८८८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच कायद्यात एक अटही होती: पादचाऱ्याला ओलांडून जाताना सायकलस्वाराने घंटी वाजवून किंवा दुसऱ्या कुठल्या आवाजाने आगाऊ सूचना दिली पाहिजे. पादचाऱ्याला सावध करणे हे सायकलस्वाराचे कायदेशीर कर्तव्य होते. ‘बाजूला हो’ असा हुकूम सोडण्यासाठी घंटी वाजवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सायकलींसाठी वेगळी वाट आखण्याची कल्पना नेदरलँड्समध्ये रुजली. १८८५ मध्ये उट्रेख्त शहरातल्या मालीबान या झाडांच्या रांगांनी सजलेल्या रस्त्यावर एक पट्टी सायकलींसाठी राखली गेली. ती आली चालण्याच्या वाटेतून, घोडागाड्यांच्या वाट्याला कोणी हात लावला नाही. लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर १४ डिसेंबर १९३४ रोजी परिवहनमंत्री लेस्ली होर-बेलीशा यांनी ब्रिटनच्या पहिल्या सायकलमार्गाचे उद्घाटन केले. मार्ग दोन्ही बाजूंना साडेआठ-साडेआठ फुटांचा होता, तरी सायकलस्वारांच्या संघटना नाराज होत्या. आपल्याला मुख्य रस्त्यावरून हुसकावण्याची ही सुरुवात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची शंका अनाठायी नव्हती, असे मला वाटते.

जपानमध्ये नेमके तेच झाले. १९७० साली तिथे रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे मेली. तो आकडा आजवरचा उच्चांक आहे. मोटारींची संख्या बेसुमार वाढत होती आणि सायकलस्वार त्यांच्याखाली येत होते. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलला आणि जिथे फलक असेल तिथे सायकलींना पदपथावर जायची मुभा दिली. १९७८ मध्ये नियम सविस्तर झाले: सायकल ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, पदपथाच्या रस्त्याकडच्या बाजूने हळू चालवायची, चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचे. कागदावर यात खोट काढता येत नाही. उपाय तात्पुरता होता, पण तो तब्बल चाळीस वर्षे टिकला. पुढे-मागे मुले बसवून, टोपलीत भाजी घेऊन आया पदपथावरून सायकल चालवू लागल्या. एक पिढी अशी वाढली की सायकल पदपथावरच चालवतात अशी तिची समजूत झाली.

या साऱ्यात अंधांचे काय झाले, हे फार कमी लोक विचारतात. पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या जपानी संशोधक सेइइची मियाके यांनी तयार केल्या. आपल्या रेल्वे स्थानकांवर आज त्याच दिसतात. त्या पहिल्यांदा बसल्या मार्च १९६७ मध्ये, ओकायामा शहरात, अंध विद्यालयाजवळ. तीनच वर्षांनी कायद्याने त्याच पदपथांवर आवाज न करता येणारी वाहने आणून सोडली.

ऑक्टोबर २०११ मध्ये जपानच्या राष्ट्रीय पोलिसांनी सायकल हे वाहन आहे, तिची जागा रस्त्यावर आहे, अशी भूमिका पुन्हा ठामपणे मांडली. पण रस्त्यावर तिच्यासाठी जागा उरली कुठे होती? कोबेची धडक काही पदपथावरची नव्हती, वस्तीतल्या रस्त्यावरची होती. मात्र सायकल आणि पादचारी एकाच पट्टीत हे आता इतके सवयीचे झाले होते की धोका कोणाच्या नजरेत भरत नव्हता. निकालानंतर ज्या ह्योगो प्रांतात कोबे आहे, त्याने २०१५ मध्ये सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला. असे करणारा तो देशातला पहिला प्रांत होता. पुढे टोकियोसह इतरांनीही हाच मार्ग धरला.

विम्याने भरपाई मिळते, धडक टळत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एवढे अंतर संपते. बसमधून उतरणारा माणूस दोन पावलांत सायकलमार्गावर येतो, आणि मार्गावर दोन्ही दिशांनी सायकली येत असतील तर तो बहुधा एकाच बाजूला पाहतो. डेन्मार्कने यावर साधा नियम केला. उतारूंसाठी वेगळा कट्टा नसेल, तर बसमधून चढ-उतार चालू असताना सायकलने थांबायचे. कट्टा असेल, तर उतारूने सायकल पाहून ओलांडायचे. कोणी थांबायचे हे जागा पाहून ठरते, म्हणून तो नियम पाळला जातो.

पुण्याची गोष्ट याच वंशावळीतली आहे. २००६ च्या सुमारास बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकांबरोबर, सायकल ट्रॅक आले, २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. बहुतेक ठिकाणी ट्रॅक पदपथाला चिकटून, त्याच पातळीवर आहे. पदपथावर हातगाड्या, डीपी बॉक्स आणि उभ्या दुचाकी, म्हणून आजी-आजोबा ट्रॅकवरून चालतात, आणि सायकलवाला चिडतो. दोघांचेही बरोबर असते, आणि दोघेही ज्याच्याशी भांडायला हवे त्याच्याशी भांडत नाहीत.

आता या पट्टीवर तिसरे वाहन आले आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, ठरावीक वजनाच्या आतली विजेवरची दुचाकी आपल्या नियमांत मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको, तृतीय पक्षाचा विमाही नको. तिच्या धडकेत कोणाचे खुब्याचे हाड मोडले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार त्याला बंद असते. उरतो तो फौजदारी गुन्हा, नाहीतर वर्षानुवर्षे चालणारा दिवाणी दावा. ह्योगोसारखी विम्याची सोय महाराष्ट्रातही व्हावी आणि कोणाची आई त्यासाठी दिवाळखोर होण्याची वाट पाहू नये.

आणि जागा? जंगली महाराज रस्त्याची नवी रचना करताना गाड्यांच्या रस्त्याची कमी-जास्त रुंदी एकसारखी केली आणि उरलेली जागा पदपथ व सायकल ट्रॅकला दिली. तिथे वाहतूक बंद पडली नाही. पुढच्या प्रत्येक सायकल ट्रॅकच्या नकाशावर नगरसेवकांनी आणि नागरिकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की ही रुंदी कोणाच्या वाट्यातून घेतली आहे.