पदरचे खेळाडू, घरचे खेळाडू

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. तावातावाने सांगत होता, "आबा, दोन नवखी पोरं देऊन टाकावीत आणि एक तयार फलंदाज घ्यावा!" आयपीएलमधल्या अदलाबदलीबद्दल चाललं होतं त्याचं. मी म्हटलं, बाबा रे, हा वाद तुझ्या आयपीएलपेक्षा जुना आहे. आपल्या होळकरांनी पदरचे पैसे घालून तो खेळून पाहिलाय.

दरबारात पैलवान आणि गवई पदरी ठेवत, तसे इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी क्रिकेटपटू ठेवले. नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत हुद्दा मिळून इंदूरकर झालेले. चंदू सरवटे आले, हिरालाल गायकवाड आले. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकरही पुढे होळकरांकडून खेळले. मुश्ताक अली मात्र मूळ इंदूरचेच. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महायुद्धात लष्करी नोकरीवर महूला होता, त्यालाही संघात घेतलं!

१९४४-४५ ची रणजीची अंतिम लढत मुंबईत ब्रेबॉर्नवर झाली. मुंबईच्या विजय मर्चंटांनी २७८ काढल्या. होळकरांकडून मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक केलं, कॉम्प्टनने नाबाद २४९. सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या. एवढं करून होळकर ३७४ धावांनी हरले.

पण म्हणून तो डाव फसला, असं म्हणता येणार नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकरांनी दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चारदा करंडक जिंकला. अडचण पुढेच आली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, आणि १९५४-५५ नंतर होळकर हा संघच राहिला नाही. त्या मुलखात करंडक परत यायला २०२२ साल उजाडलं. तेव्हा मध्य प्रदेशाने मुंबईलाच हरवलं. मुंबईकडे राजा नव्हता, पण शाळकरी पोरांची हॅरिस शील्ड होती, भर पावसात चालणारी कांगा लीग होती. एक गेला की मागे दुसरा उभा. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं करंडक त्यांच्याकडेच होता.

हे लिहितोय, पण मी स्वतः वेगळं वागलो होतो. शाळेत कबड्डीचा संघ माझ्याकडे असताना दुसऱ्या गावचा एक तयार चढाईपटू मुलगा मी खटपट करून आमच्याकडे दाखल करून घेतला. त्याच्यासाठी सातवीतल्या दोघांना बसवलं. त्या वर्षी ढाल मिळाली, गुलाल उधळला. दहावी होताच तो मुलगा गेला. आणि बसवलेले दोघं पुन्हा मैदानावर आलेच नाहीत. त्यांतला एक आता पालमच्या बाजारात भेटतो. मध्यंतरी सहज म्हणाला, "सर, त्या वर्षी मी रोज पहाटे उठून मैदानावर यायचो." राग नव्हता बोलण्यात. मला मात्र पिशवीत काय भाजी घेतली ते घरी येईपर्यंत आठवेना.

मग बाहेरचा माणूस आणूच नये का? तसंही नाही. विदर्भाने वसीम जाफरला घेतलं आणि तो एकोणचाळीस वर्षांचा असताना २०१७-१८ चा करंडक जिंकला, तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर! पण त्याच सामन्यात अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने शतक ठोकलं आणि रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यातही तेच. कर्नाटकातून आलेला करुण नायर एका टोकाला, एकवीस वर्षांचा दानिश मालेवार दुसऱ्या टोकाला, आणि दोघांची २१५ धावांची भागी. नायर ८६ वर धावबाद झाला, पोराने १५३ काढल्या. थोरल्याला आणताना धाकट्याला उठवलं नव्हतं. मला जमलं नाही ते हेच.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबा, आयपीएलमध्ये एवढी वाट बघायला वेळ कुणाला असतो?" तेही खरंच आहे म्हणा.