कर्ण्याच्या मागे

निरगुडसरला एका लग्नात भाच्याने गिटार काढली. तिच्या भोकासमोर माइक लावला, जाड तार छेडली आणि असा घुमारा उठला की आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला. सत्तरी उलटलेला माइकवाला ओरडला, "पाव्हणं, कर्ण्याच्या म्हागं व्हा!" गंमत अशी की मांडवात कर्णा नव्हताच. दोन बाजूंना पुरुषभर उंचीचे बास स्पीकर होते. वस्तू गेली, शब्द राहिला. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय.

कर्णा आला कुठून? पहिला कौल कुणीही संस्कृतला देईल: कर्ण म्हणजे कान, आवाज कानात जातो, झालं. मला हे पटत नाही. कानात तर सगळेच आवाज जातात. शिवाय लाउडस्पीकर येण्याच्या कितीतरी आधीपासून कर्णा हे फुंकायचं वाद्य आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नगारखान्याची यादी दिली आहे, तीत कर्णा आहे. चारांपेक्षा कमी कर्णे फुंकत नसत, असंही तो सांगतो. फारसीत तो करनाय. 'नाय' म्हणजे पावा, यावर भांडण नाही. भांडण आहे 'कर'वर. एका पक्षाला त्यात जुन्या इराणीतला 'कार', म्हणजे सैन्य, दिसतो. दुसरा अरबी 'कर्न'कडे, म्हणजे शिंगाकडे, बोट दाखवतो. मी शिंगवाल्यांच्या बाजूचा. माणसाने आधी शिंगच फुंकलं असणार, धातू ओतला तो नंतर.

मग लाउडस्पीकरला हेच नाव का? नुसत्या आकारावरून म्हणाल, तर तुतारी होतीच की. पण तुतारी वळलेली. आपल्या देवळांतला कर्णा लांब, सरळ, पुढे तोंड फुललेलं, आणि फुंकणारा कायम मागे. आवाज समोरच्यांच्या अंगावर जातो, फुंकणाऱ्याकडे कमी येतो. माइकवाल्यांनी नाव उचललं तेव्हा हा रिवाजही बरोबर आला, असा माझा तर्क आहे. साक्षीदार एकच, तो म्हातारा.

पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी 24 डिसेंबर 1915 ला सॅन फ्रान्सिस्कोत जमावापुढे लाउडस्पीकर वाजवला, हे सगळ्या पुस्तकांत आहे. माइक स्पीकरसमोर आला की उठणाऱ्या शिट्टीला डेन्मार्कच्या ॲबसलॉन लार्सनचं नाव मिळालं. शिट्टी म्हणजे सावकारी. माइकने दिलेला आवाज ॲम्प्लिफायर वाढवतो, स्पीकर तो हवेत सोडतो, माइक पुन्हा उचलतो. परत येणारी रक्कम मुद्दलाहून जास्त झाली की चक्रवाढ सुरू.

निरगुडसरहून जवळच नारायणगाव, तमाशाची पंढरी, तमासगीर विठाबाईंचं गाव. फडापुढे बांबूला बांधलेले कर्णे आणि मागे ढोलकी, तुणतुणं. तुणतुणंही पोकळच, गिटारीसारखं. मग ते का घुमत नसे? माझं उत्तर असं: पत्र्याच्या कर्ण्याला जाड आवाज काढताच येत नाही. सेकंदाला तीनेकशे कंपनांच्या खाली त्याचा दम तुटतो. गिटारीच्या पेटीतली हवा मात्र शंभराच्या आसपास घुमते. म्हणजे कर्णा पोकळीला जागंच करत नसे. माइक त्याच्या तोंडापुढे गेला, तरच बारीक आवाजात कोकलायचा. मोठे बास आले आणि पोकळ्या जाग्या झाल्या. पूर्वी माइक कोकलायचा, आता मांडव घुमतो.

उपाय ठाऊक आहेत. माइक भोकासमोरून काढून दांडी पेटीला मिळते तिथे न्यायचा, वाजवणाऱ्याच्या जवळ आणि स्पीकरपासून लांब. घोडीखाली पिकअप बसवायचा. घुमणारी तेवढीच पट्टी मिक्सरवर खाली आणायची. भोकाला रबरी झाकण लावायचं. (बीटल्सनी 1964 मध्ये 'आय फील फाइन'च्या सुरुवातीला हीच घूं मुद्दाम ठेवली, पण ते बीटल्स.)

म्हाताऱ्याकडे रबरी झाकण कुठून असणार? त्याने डोक्यावरची टोपी काढली, चुरगाळली आणि भोकात कोंबली. मग भाच्याला दंडाला धरून बासच्या रांगेमागे नेऊन उभं केलं. घुमारा बसला. आवाज बोदा झाल्याची कुरकुर भाच्याने केली. वऱ्हाडाला काही फरक पडला नाही. जेवणाच्या पंगती उठल्यावर म्हातारा टोपी घेऊन गेला. गिटारीच्या पोटातून अजून खोबरेल तेलाचा वास येतो.