वसई ते कुलाबा: मुंबई महानगरातल्या कोणत्या जुन्या वस्त्या समलिंगी जोडप्यांना सोयीच्या?

भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'फॅमिली की बॅचलर?' एकत्र राहू पाहणारे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया या दोन्हींत बसत नाहीत.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. पण घर मिळणं न मिळणं आजही घरमालक, एजंट आणि सोसायटीच्या कमिटीवर अवलंबून असतं. त्यामुळे मुंबई परिसरात राहायला मोकळा भाग कोणता, हा प्रश्न अनेकांना पडतो.

मुंबईत 'गे वस्ती' आहे का?

सॅन फ्रान्सिस्कोतला कॅस्ट्रो भाग 1970 च्या दशकात समलिंगी लोकांची वस्ती म्हणून जगभर ओळखला गेला. जुनी घरं तेव्हा स्वस्तात मिळत होती, लोक एकमेकांच्या आधाराने तिथे राहायला आले आणि पुढे त्यांचा राजकीय आवाजही तयार झाला.

मुंबईत तसा एकही भाग नाही. इथे बहुतेक तरुण लग्नापर्यंत आईवडिलांच्याच घरी राहतात. वेगळं घर घ्यायचं तर भाडं आणि डिपॉझिट दोन्ही आवाक्याबाहेर. शिवाय लोकलमुळे एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाला भेटणं शक्य होतं.

म्हणून या शहराचा समलिंगी इतिहास घरांपेक्षा भेटीच्या जागांमध्ये सापडतो. 1990 मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं. 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला, त्याचं काम सांताक्रूझच्या वाकोल्यातून चालत आलं. 1995 मध्ये 'स्त्री संगम' हा लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रियांचा गट उभा राहिला. ऑगस्ट 2008 मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून क्विअर आझादी मुंबईची पहिली पदयात्रा निघाली.

कुलाबा आणि गिरगाव

1990 च्या दशकात कुलाब्यातला एक पब शनिवार रात्रीच्या भेटीगाठींसाठी ओळखला जायचा. हा भाग बाहेरच्यांना सरावलेला आहे, पण भाडी परवडणारी नाहीत.

इथली आणि गिरगावातली अनेक जुनी घरं पागडीची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सदस्याकडे जातो. समलिंगी नात्याला कायद्याची मान्यता नसल्याने वीस वर्षं सोबत राहिलेल्या जोडीदाराचा दावाही कमकुवत ठरू शकतो.

वांद्रे, खार, वाकोला

वांद्र्यातली रानवार, चिंबई, पाली आणि खारजवळचं चुईम ही मूळची ईस्ट इंडियन गावठाणं. सिनेमा, जाहिरात आणि फॅशन या क्षेत्रांतले लोक वर्षानुवर्षं या भागात भाड्याने राहत आले आहेत. लग्न न झालेल्यांना घर देण्याची सवय असल्यामुळे इथे विचारणा तुलनेने कमी होते. वाकोल्याचं मदत केंद्रही जवळ. अडचण एकच, भाडं.

वसईत काय चित्र आहे?

भाडं परवडत नाही तेव्हा लोक पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकतात. चर्चगेटपासून वसई रोड सुमारे 52, तर विरार 60 किलोमीटरवर आहे. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाखांहून जास्त होती.

इतिहास हवा असेल तर तो इथे भरपूर आहे. सोपारा हे प्राचीन बंदर. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप उजेडात आणला. वसईचा किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकला.

पण राहण्याच्या दृष्टीने वसई दोन आहेत.

पहिली वसई पश्चिमेकडच्या गावांची: पापडी, गास, निर्मळ, आगाशी. वाड्या, विहिरी, चर्च, देवळं. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी अशा समाजांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं. इथे भाड्याची घरं कमी आणि ओळखी जास्त. नवा माणूस कोण, कुणाकडे आला, हे संध्याकाळपर्यंत आळीला माहीत होतं. अडीनडीला शेजार धावून येतो, पण खासगीपण फारसं मिळत नाही. गावातच वाढलेल्या समलिंगी मुलामुलींसाठी हा पेच अधिक कठीण असतो, कारण घर, जमीन आणि समाज तिन्ही एकाच नात्यात बांधलेले असतात.

दुसरी वसई स्टेशनालगतच्या आणि पूर्वेकडच्या इमारतींची. वसई पूर्व, नालासोपारा, विरारच्या नव्या वसाहती. इथे जवळपास प्रत्येक जण बाहेरून आलेला. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी भाडं वाटून घेतात, यात कुणाला नवल वाटत नाही. ही ओळख नसल्यामुळे मिळालेली मोकळीक आहे, स्वीकार नव्हे. नातं उघड झालं तर घर टिकेलच याची खात्री नसते.

थोडक्यात, जुन्या गावात आपलेपणा आहे पण आडोसा नाही, नव्या इमारतीत आडोसा आहे पण आपलेपणा नाही. दोन्ही थोडंथोडं देणारं वांद्रं बहुतेकांना परवडत नाही.

कायदा कुठे साथ देतो, कुठे नाही?

तृतीयपंथी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायदा, 2019 नुसार ट्रान्सजेंडर व्यक्तीला घर भाड्याने देताना किंवा विकताना भेदभाव करता येत नाही. गे आणि लेस्बियन व्यक्तींसाठी असा वेगळा कायदा नाही.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यानंतर 2024 मध्ये केंद्राने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरातले मानावं.

घर घेण्यापूर्वी काय तपासावं?

• लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा आणि त्यात दोघांचीही नावं टाका. एकाचंच नाव असेल तर भांडण, आजारपण किंवा मृत्यूनंतर दुसऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. महाराष्ट्रात करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते.

• फ्लॅट विकत घेताना दोघांच्या नावावर घेता येतो, त्यासाठी नातं दाखवावं लागत नाही. मात्र बऱ्याच बँका गृहकर्जात सहकर्जदार म्हणून जवळचा नातेवाईकच मागतात. हे आधीच विचारून घ्या.

• सोसायटीत जोडीदाराला नॉमिनी केलं म्हणजे तो मालक झाला, असं होत नाही. मालकी हवी असेल तर दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र करा. ते नसेल तर घर कायदेशीर वारसांकडे, म्हणजे आईवडील किंवा भावंडांकडे जाऊ शकतं.

• राहतं घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. समलिंगी जोडीदाराला ही सवलत लागू होत नाही.

• घर बघायला एकदा दिवसा आणि एकदा रात्री उशिरा जा. शेवटच्या लोकलने उतरल्यावर स्टेशन ते घर हा रस्ता कसा आहे, हे वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला रोज उपयोगी पडतं.